म्हातारं कुत्रं लंगडतंय? गोळीच्या आधी पंजा उचलून बघा

कुत्रं ८-९ वर्षांचं झालं, सकाळी उठताना कण्हायला लागलं, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "वय झालं आता त्याचं." बऱ्याच घरांत विषय तिथेच संपतो. काही घरांत उलटं होतं. माणसाची दुखण्याची गोळी भाकरीच्या तुकड्यात दाबून चारली जाते आणि चार-आठ दिवसांत कुत्रं काळी शी करायला लागतं. या दोन्हींच्या मधे करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त फुकट आहे.

विट्याकडच्या आमच्या वस्तीवर वडिलांच्या काळापासून कारवान जातीची कुत्री आहेत. सोबत एक म्हातारी लॅब्राडॉरही आहे. आजूबाजूच्या मळ्यांतली लंगडणारी कुत्री लोक आधी माझ्याकडे दाखवायला आणतात. मी डॉक्टर नाही. पण हाच त्रास पुन्हापुन्हा हाताळून बघण्याचा एक क्रम बसला आहे, तो इथे देतो. म्हातारपणीच्या लंगडण्यामागे सांध्यांची झीज सगळ्यात जास्त आढळते, हे खरं. पण "झीजच असणार" असं धरून चाललं की काटा, वाढलेलं नख, गोचीड ताप, गुडघ्यातला तुटलेला बंध (लिगामेंट), हाडाची गाठ हे सगळं नजरेआड होतं. यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

लक्षणं

सांधे दुखणारं कुत्रं सहसा ओरडत नाही, गप्प होतं. त्यामुळे "ओरडत नाही, म्हणजे दुखत नसेल" हा समज आधी काढून टाका. दिसतं ते असं:

- झोपेतून उठताना पुढच्या पायांवर जोर देऊन मागचं धड ओढून घेतं. पहिली काही पावलं ताठ टाकतं, मग मोकळं होतं. झिजेची ही सगळ्यात नेमकी खूण.
- पूर्वी जीपच्या हौद्यात, बाजेवर उडी मारणारं आता खाली उभं राहून तोंडाकडे बघतं.
- जिना उतरायला कचरतं (पुढचे पाय, ढोपर म्हणजे पुढच्या पायाचं कोपर) किंवा चढायला कचरतं (मागचे पाय, खुबा, कंबर).
- एकाच सांध्याला चाटत राहतं. पांढऱ्या-पिवळ्या कुत्र्याच्या मनगटावरचे केस लाळेने तांबूस होतात.
- शी करताना नीट बसता येत नाही, चालत चालतच करतं.
- एका मागच्या पायाची मांडी दुसरीपेक्षा बारीक लागते.
- कमरेवर हात ठेवला की गुरगुरतं, पोरांपासून लांब जाऊन बसतं. गरीब कुत्रं म्हातारपणी "चिडकं" झालं असं लोक सांगतात, तेव्हा मी आधी दुखणं शोधतो.

हे सगळं हळूहळू, काही महिन्यांत वाढत आलं असेल आणि कुत्रं खातं-पितं असेल, तर खालच्या क्रमाने जायला वेळ आहे.

यात वेळ घालवायचा नाही, सरळ दवाखाना

पुढचं काही दिसलं तर घरची तपासणी सोडून द्या.

पाय लोंबतोय किंवा अजिबात टेकत नाही. मागचे दोन्ही पाय एकदम लुळे पडले, लघवी आपोआप गळते. मणक्याची चकती सरकली असेल तर इथे तास मोजावे लागतात, विशेषतः डॅशहाउंडसारख्या आखूड पायांच्या कुत्र्यात.

उसातून, गवतातून, भुईमुगाच्या रानातून आलेलं कुत्रं अचानक लंगडायला लागलं आणि पाय बघता बघता सुजतोय, सुजेवर दोन टोचे दिसतात किंवा रक्त थांबत नाही. आपल्याकडे घोणस भरपूर आहे. दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, कुत्र्याला चालवायचं नाही. उचलून गाडीत घाला आणि प्रतिसर्पविष लस आहे का हे निघतानाच फोन करून विचारा.

लसीकरण न झालेलं कुत्रं, मागून डगमगतंय, आवाज बदललाय, लाळ गळते, जबडा लोंबतोय. "घशात हाड अडकलं असेल" म्हणून तोंडात हात घालू नका, ते पिसाळणं असू शकतं. लाळ लागली किंवा ओरखडा आला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि स्वतः माणसांच्या दवाखान्यात जा.

आणि शेवटचं: मोठ्या, लांब पायांच्या कुत्र्यात मनगटाच्या जरा वर, खांद्यापाशी किंवा गुडघ्याच्या आसपास टणक सूज, दिवसेंदिवस वाढणारी. हाडाचा कर्करोग याच जागा धरतो. शेकत बसू नका, एक्स-रे काढा.

पहिली तपासणी : चाल, मोबाइलवर

खर्च शून्य, म्हणून सुरुवात इथून. सपाट जागेवर दुसऱ्या कुणाला कुत्रं दोरीने चालवायला सांगा, आधी सावकाश, मग दुडक्या चालीने. समोरून, मागून आणि बाजूने व्हिडिओ घ्या. सकाळी उठल्याबरोबर एक आणि फिरून आल्यावर एक.

डोकं बघा. पुढचा पाय दुखत असेल तर दुखरा पाय टेकताना कुत्रं डोकं वर उचलतं आणि चांगला पाय टेकताना खाली नेतं. याचा अर्थ लोक नेमका उलटा लावतात आणि चांगलाच पाय चोळत बसतात. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होतो. कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. मागचे पाय दुखले की ते आणखी पुढे सरकतं, आणि काही महिन्यांनी ढोपरं-खांदेही कुरकुरायला लागतात.

उठल्यावर ताठ आणि चालल्यावर मोकळं, तर झीज. उलट, चालल्यावर जास्त लंगडत असेल तर बंध, पंजा किंवा कंबर बघा. आज डावा पाय, परवा उजवा, असं फिरतं लंगडणं असेल तर तिसऱ्या तपासणीकडे लक्ष द्या. पॉमेरेनियनसारखं छोटं कुत्रं चालता चालता मागचा पाय दोन-तीन पावलं उचलून धरतं आणि पुन्हा नीट चालतं, तेव्हा बहुतेक वेळा गुडघ्याची वाटी सरकत असते.

डॉक्टरच्या टेबलावर कुत्रं घाबरून लंगडणं विसरतं. तिथे हा व्हिडिओच कामाला येतो, तो पुसू नका.

दुसरी तपासणी : पंजा आणि नखं

सांधेदुखी म्हणून माझ्याकडे आणलेल्या बऱ्याच कुत्र्यांचं दुखणं पंजात निघालं आहे. ऊसतोड झाली की रानात बुडखे तिरके, धारदार राहतात. त्यावर पाय पडला की पंजाखालची गादी चिरते. वरून जखम दिसत नाही, आत कुजत राहते. माण-खटाव, आटपाडी, जतच्या माळावर कुसळ. ते बोटांच्या मधून आत शिरतं आणि एकाच दिशेने सरकत जातं, कारण त्याचे केस मागे वळलेले असतात. बाहेर फक्त एक ओलं भोक आणि भोवती सूज दिसते. द्राक्षबागेच्या तारेचे तुकडे, बाभळीचे काटे हे वेगळं सांगायला नको.

कुत्र्याला कुशीवर झोपवा. चांगला पाय आधी बघा, म्हणजे हाताची सवय होईल. मग दुखरा. उजेडात प्रत्येक गादी दाबा, प्रत्येक दोन बोटांमधली जागा फाकवून बघा. गोचीड तिथेच दडून बसते. दोन्ही पंजे नाकाजवळ धरा, कुजलेल्याचा वास लगेच कळतो. उन्हाळ्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवलं असेल तर गाद्या भाजून सोलवटलेल्या सापडतील.

नखं ही म्हाताऱ्या कुत्र्याची खास अडचण. फिरणं कमी झालं की ती झिजत नाहीत. फरशीवर टकटक आवाज येतो म्हणजे नख आधी टेकतंय, बोट मागे ढकललं जातंय आणि प्रत्येक पावलाचा ताण वर मनगटापर्यंत जातोय. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागतच नाही. ते गोल वळून स्वतःच्याच कातड्यात घुसलेलं मी पाहिलंय. केस वाढलेल्या कुत्र्यात ते दिसतही नाही, बोटानेच शोधावं लागतं. नख कापताना टोकाचं थोडंथोडं, दर आठवड्याला कापा. आतली रक्ताची शीर सावकाश मागे सरकते. एकदम आखूड केलं तर रक्त येईल आणि कुत्रं पुन्हा पाय देणार नाही.

वर दिसणारा काटा, गोचीड काढायला हरकत नाही. आत खोल गेलेलं कुसळ चिमट्याने खणू नका. ते तुटून आत राहतं. हे डॉक्टरचं काम.

तिसरी तपासणी : ताप आणि गोचीड

थर्मामीटर गुदद्वारात थोडं तेल लावून घालायचा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं. नाक गरम-गार यावरून काही ठरवू नका. झिजेने ताप येत नाही. म्हणून ताप सापडला की "सांधेदुखी" हा शब्द बाजूला ठेवायचा.

आपल्या भागात लंगडणं अधिक ताप, खाणं कमी, हिरड्या फिक्या, अंगावर गोचिडी, असं जुळलं तर गोचीड तापाचा संशय पहिला. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूच्या संसर्गात सांधे सुजतात, कुत्रं पाय बदलून बदलून लंगडतं, रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात. नाकातून रक्त येणं किंवा पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके ही पुढची पायरी, तेव्हा रात्रसुद्धा थांबू नका. रक्त तपासणीत हे कळतं. औषध, बहुधा डॉक्सिसायक्लीन, साधारण २८ दिवस द्यावं लागतं. आठवड्यात कुत्रं खेळायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात. मग तेच कुत्रं दोन महिन्यांनी पुन्हा आणतात. कोर्स पुरा करा.

गोचिडींवर रॉकेल, जळकं ऑइल, गोठ्यात फवारायचं औषध अंदाजाने लावू नका. कुत्रं ते चाटतं. कुत्र्यासाठीचं औषध वजन सांगून आणा. या गोचिडी अंडी घालायला भिंतीच्या भेगांत, दगडांच्या फटीत, छपराच्या वाशांत जातात, म्हणून कुत्र्याइतकीच त्याची बसायची जागा साफ करावी लागते.

चौथी तपासणी : हाताने चाचपणं

कुत्रं शांत असताना, जेवण झाल्यावर. चावायची भीती वाटत असेल तर ही पायरी सोडा, दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं.

दोन्ही मांड्या दोन हातांत एकदम धरा. बारीक लागणारा पाय कुत्रं बरेच आठवडे वाचवत आलं आहे. मग दोन्ही बाजूंचे सांधे जोडीने बघा: कुठला गरम, कुठला जाड, कुठला वाकवताना अंग आखडतो. सांधा सावकाश वाकवायचा. तोंड वळवलं, ओठ चाटले, श्वास रोखला की थांबायचं. यापुढे जोर लावून कळणारं नवीन काही नसतं.

जाड लॅब्राडॉर पळता पळता एकदम मागचा पाय वर धरून आलं, नंतर फक्त बोटं टेकवत चालतं आणि बसताना तो पाय बाहेर टाकून बसतं, तर गुडघ्यातला बंध तुटल्याची शक्यता मोठी. ही झीज नव्हे, आणि फक्त गोळीने भागणारंही नाही. छोटं, हलकं कुत्रं पूर्ण विश्रांतीवर सावरू शकतं. साधारण १५ किलोच्या वरच्या कुत्र्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते, आणि पुढे बऱ्याच कुत्र्यांचा दुसरा गुडघाही जातो.

एक तपासणी आवर्जून करा. कुत्र्याला उभं करा, पोटाखालून आधार द्या आणि मागचा एक पंजा उलटा, वरची बाजू जमिनीला लागेल असा ठेवा. निरोगी कुत्रं क्षणात सरळ करतं. उलटाच राहू दिला तर दोष मज्जातंतूंचा किंवा मणक्याचा आहे, सांध्याचा नाही. मागच्या मधल्या नखांची वरची बाजू घासलेली असेल तर तेच. जर्मन शेफर्डमध्ये मज्जारज्जूचा एक आजार असतो. त्यात दुखत नाही, पण पाय ओढले जातात, एकमेकांत अडकतात. त्यावर दुखण्याच्या गोळ्या महिनोन्महिने देऊन उपयोग शून्य.

पाचवी तपासणी : फरशी आणि अंथरूण

इथपर्यंत काही वेगळं सापडलं नाही आणि खुणा झिजेच्या असतील, तर औषधाआधी घर बघा. जुन्या घरात शेणाने सारवलेली जमीन असायची, तिच्यावर कुत्र्याचा पाय घट्ट बसायचा. आता गुळगुळीत टाइल. म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय त्यावर बाहेर फाकतात, आणि प्रत्येक घसरण दुखऱ्या खुब्याला नव्याने ताणते. मग घसरायच्या भीतीने ते उठणंच टाळतं.

झोपायच्या जागेपासून दारापर्यंत आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत न सरकणारी पायवाट करा: काथ्याची पायपुसणी, रबरी मॅट, जुनी सतरंजी खालून चिकटपट्टी लावून. गोणपाट सरकतं, त्याखाली रबर हवंच. पंजाखालचे लांब केस कापा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, म्हणजे मान आणि ढोपरं फार वाकवावी लागणार नाहीत. कुत्रं जिन्यावर जाऊ नये म्हणून तिथे फळी आडवी लावा. गाडीत चढवताना दोन्ही हातांनी उचला, एक छातीखाली, एक मांड्यांमागे.

अंथरूण जाड हवं, ढोपर दाबलं तर खालची फरशी लागता कामा नये. वर घोंगडं टाका. पाटणकडच्या पावसात आणि माणच्या थंडीत दोन्हीकडे त्याच्याइतकं कामाचं काही नाही. ओलं अंथरूण रोज बदला. सकाळी उठवण्याआधी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं दुखऱ्या सांध्याला लावा. आधी स्वतःच्या मनगटावर धरून बघा, कारण म्हातारं कुत्रं चटका बसला तरी हलत नाही. सांधा गरम आणि ताजा सुजलेला असेल तर शेक नको, गार पट्टी.

सहावी तपासणी : वजन

इथे मी जरा अडून बसतो, कारण सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात जास्त वादही इथेच होतो. "खातं काय ओ ते, दोनच चपात्या!" आणि सोबत दूध, ग्लुकोज बिस्किटं, पाहुण्यांनी टाकलेली शेव.

फासळ्यांवरून हात फिरवा. न दाबता फासळ्या बोटांना लागल्या पाहिजेत, वरून बघितल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. दाबूनही लागत नसतील तर कुत्रं जाड आहे. कारवान-मुधोळसारख्या सडपातळ शिकारी जातींच्या एकदोन फासळ्या दिसणं नेहमीचंच. त्यांना लॅब्राडॉरसारखं गोल करायला जाऊ नका. वजन करायला आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकटे. वजा करा. उचलता येत नसेल तर धान्याच्या दुकानातला जमिनीवरचा काटा चालतो.

जाड, झीज झालेल्या कुत्र्यांचं वजन साधारण ६ टक्के उतरल्यावरच लंगडणं कमी झालेलं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे ३५ किलोच्या कुत्र्याचे फक्त दोन किलो. आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. ४८ लॅब्राडॉर, जोडीजोडीने. त्यातल्या एकाला जन्मभर दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना सांधेदुखीच्या उपचाराची गरज उशिरा लागली. ज्यांना वाटतं की कमी घातलं तर जीव दुखावेल, त्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतार पुरे. आधी बिस्किटं, दूध, तूप बंद. मग चपाती-भात कमी आणि अंडं, उकडलेलं चिकन वाढवा. मांसल भाग जायला नको. काकडी, दुधी, गाजर पोट भरायला चालतं. कांदा-लसूण नाही, म्हणजे घरच्या रश्श्यातली भाकरी नाही. आणि तासगाव-मिरज पट्ट्यात राहणाऱ्यांनी हे दारावर लिहून ठेवावं: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषारी आहेत. किती खाल्ल्यावर बाधतील याचा भरवसा नाही. शेडवर बेदाणा वाळत असेल तर कुत्रं बांधा. दुखण्याची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला तर हे दुप्पट लागू, कारण त्या गोळीचा भारही मूत्रपिंडावरच असतो.

सातवी तपासणी : फिरवणं

पूर्ण बसवून ठेवणं चूक, आणि रविवारी एकदम अजिंक्यतारा चढवणं त्याहून चूक. बसून स्नायू जातो, स्नायू गेला की सांध्याला आधार राहत नाही. दिवसातून तीनदा १०-१५ मिनिटं, दोरीला, मातीच्या रस्त्यावर, सपाट. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त ताठ वाटलं तर आदल्या दिवशीचं फिरणं जास्त झालं, थोडं कमी करा. चेंडू फेकणं बंद. एकदम वळणं आणि ब्रेक मारणं गुडघ्याला सगळ्यात वाईट.

पाण्यात चालणं किंवा पोहणं सांध्यांना फार चांगलं, कारण वजन पाणी उचलतं. पण जागा निवडताना विचार करा. सांगली जिल्ह्यात कृष्णेत मगरी आहेत, तिथे म्हातारं, सावकाश पोहणारं कुत्रं सोडू नये. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आणखी धोक्याचं: काठ इतका निसरडा असतो की तरुण कुत्रंही वर येऊ शकत नाही आणि दमून बुडतं. छातीइतकं संथ पाणी असलेला पाट, दोरी हातात, तुम्ही सोबत. थंडीत नको.

मागून फारच कमजोर असेल तर जुना पंचा पोटाखालून, मांड्यांच्या जरा पुढे घालून दोन्ही टोकं वर धरा. तेवढ्या आधारावर ते स्वतः बाहेर जाऊन शी-लघवी करतं, आणि कुत्र्याला त्याचं फार मोठं समाधान असतं.

आठवी : औषध, आणि काय द्यायचं नाही

माणसाच्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नका, अर्धीसुद्धा. पोटात अल्सर, मूत्रपिंड निकामी, हे त्यांचे परिणाम. डायक्लोफिनॅक जनावरांना द्यायला २००६ पासून बंदीच आहे, कारण ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. गोठ्यातली गोळी फोडून देणं हा आपल्याकडचा दुसरा प्रकार. गाईच्या काही गोळ्यांत मेलोक्सिकॅम हे दुखण्याचं औषध १०० मिलिग्रॅम असतं, सोबत पॅरासिटामॉल. २० किलोच्या कुत्र्याला डॉक्टर मेलोक्सिकॅम देतात ते रोज साधारण २ मिलिग्रॅम. फोडून फोडून किती फोडणार?

बाम, वेदनाशामक मलम लावू नका, चाटून पोटात जातं. बिब्बा घालणं, डागणं पूर्ण बंद. त्याने झीज थांबत नाही, दुखऱ्या जागेवर भाजल्याची जखम वाढते. कॅल्शियमचं टॉनिकही या दुखण्यावर चालत नाही, कारण झिजतो तो सांध्यातला कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण), कमतरता कॅल्शियमची नसते.

माशाच्या तेलातलं ओमेगा-३ उपयोगी पडतं. मात्रा डॉक्टरांना विचारा, आणि फरक दिसायला दीड-दोन महिने थांबा. कॉड लिव्हर ऑइल वेगळं, त्यात अ आणि ड जीवनसत्त्व जास्त होतं. जवसाने ते काम होत नाही, कुत्र्याचं शरीर त्यातला फारच थोडा भाग कामाच्या ओमेगा-३ मध्ये बदलतं. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचा पुरावा कमकुवत आहे. पैसे मोजके असतील तर ते आधी रक्त तपासणी आणि एक्स-रेला ठेवा.

डॉक्टर कधी आणि काय विचारायचं

फरशी, अंथरूण, फिरणं नीट करून दोन आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा कुत्रं रात्री धापा टाकत जागं राहतंय, तर घरचे उपाय संपले. वजन उतरेपर्यंत त्याला दुखण्यात ठेवू नका, गोळी आणि वजन दोन्ही सोबत चालतात. गावचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना पहिली तपासणी आणि रक्त घेण्यासाठी चांगला. तिथे बरंचसं काम गाई-म्हशींचं असतं, म्हणून व्हिडिओ आणि वजन लिहून न्या. एक्स-रेसाठी सातारा, कराड, सांगली-मिरजेकडच्या खासगी डॉक्टरांना विचारा. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड केससाठी तिथे आधी फोन करून जा. गुडघ्याच्या बंधाची शस्त्रक्रिया मात्र बहुधा पुण्याकडे.

दुखण्याची गोळी सुरू करण्याआधी मूत्रपिंड आणि यकृताची रक्त तपासणी मागा. आधी कुठे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं असेल तर न विसरता सांगा. स्टेरॉइड आणि ही गोळी एकत्र गेली तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गोळी जेवणासोबत द्या. उलटी, जेवण सोडणं, काळी डांबरासारखी शी यातलं काहीही दिसलं तर पुढची गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी फोन करा. गोळीने बरं वाटलं म्हणून फिरणं एकदम वाढवू नका. गोळी दीर्घकाळ चालणार असेल तर दर सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासा.

पावसाच्या तोंडाला आणि थंडी पडताना दुखणं पुन्हा उसळतं, त्याने घाबरू नका. दोन-तीन दिवस फिरणं फक्त शी-लघवीपुरतं ठेवा, शेक आणि कोरडं अंथरूण चालू ठेवा, डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली मात्रा असेल तीच द्या, आणि पहिल्या दिवशीच पंजा पुन्हा उचलून बघा. चौथ्या दिवशीही लंगडणं उतरलं नसेल तर ही नेहमीची उसळ नाही. गाडी काढा.